कदाफोकडे राहून गेलेला निरोप

“कोणी सांगितलं?”

“कदाफोनं.”

“मग झालं तर.”

एवढ्यावर विषय संपायचा. ऐकणारा उठून कामाला लागायचा. अमुक विहिरीचं पाणी खारट झालं असं कदाफो म्हणाला, तर माणसं शेळ्यांची तोंडं सरळ दुसऱ्या दिशेला वळवत. चला, एकदा जाऊन बघू तरी, असं कोणी म्हणत नसे.

आमच्या अफार मुलखात वाटेत दोन माणसं भेटली की नुसता हात हलवून पुढे जाता येत नाही. ओझं उतरवायचं, गुडघे मोडून बसायचं आणि दागु द्यायची. म्हणजे निघाल्यापासून जे पाहिलं, जे कानावर आलं, ते सगळं सांगायचं, कळलं त्याच क्रमानं. कुठल्या ओढ्यात ओल आहे, कोणाची उंटीण व्याली, कुणाच्या पोराला ताप आहे, कुठे भांडण पेटलंय. ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला ‘हूं’ भरायचं. मग त्यानं त्याची द्यायची. उठल्यावर पुढे जो भेटेल त्याला दोन्ही द्यायच्या, ज्याच्याकडून ऐकली त्याच्या नावासकट. पदरची भर घालायची नाही आणि कमरेला बांधून काही ठेवायचं नाही. ठेवलं तर वडीलधारे शेळ्यांचा दंड ठोकतात. पण दंडाचं काय, दंड भरून होतो.

कदाफो दागु द्यायला बसला की बघत राहावं. एरवी हा माणूस म्हणजे नुसती गडबड. बुटका, तुरुतुरु चालणारा, मेंदीनं लाल केलेली दाढी, डावा कान लहानपणी उंटानं चावून अर्धा नेलेला, आणि आवाज असा पातळ की पाठमोरा ऐकला तर बाई बोलतेय असं वाटावं. विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसून घ्यायचा. पण बसला, डोळे मिटले आणि हाताची बोटं गुडघ्यांवर टेकली की दुसराच कोणी तोंड उघडायचा. सांगणारी म्हातारी असेल तर तिचा दम लागल्यासकट, सांगणारा तोतरा असेल तर त्याच्या अडखळण्यासकट. शब्द इकडचा तिकडे होत नसे.

ह्याच भांडवलावर तो फिरंगी पाहुण्यांचा वाटाड्या झाला. हिवाळ्याच्या महिन्यांत मेकेले शहरातून गाड्या यायच्या, त्या जिथे वाळू संपून लाव्हा सुरू होतो तिथे थांबायच्या, आणि तिथून पुढे आग ओकणाऱ्या डोंगराच्या कड्यापर्यंत पाहुण्यांना चालवत न्यायचं, वाटेत आणि वर मुक्काम करवायचा, परत आणायचं. काळी साय धरल्यासारखा तो दगड. वरून घट्ट, खाली कुठे पोकळ. कदाफो पुढे आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकत सगळे मागे. त्यांच्या मागे उंट, गाद्या, पाण्याचे डबे. आणि उंटांबरोबर हायसामा.

हायसामा हा कदाफोचा मामेभाऊ. आमच्या रीतीनं आतेबहिणीवर मामेभावाचा पहिला हक्क. म्हणजे कदाफोची बहीण अस्या ही हायसामाचीच बायको व्हायची होती. मुलगी जन्मली तेव्हाच ते ठरलं होतं. पण हायसामानं ऐन वेळी पाय मागे घेतला आणि परक्या कुळातली फातुमा घरात आणली. गहजब झाला. दंड दिले गेले, शिव्या दिल्या गेल्या, मग हळूहळू सगळं निवळलं. अस्याला दुसरीकडे चांगलं घर मिळालं. आता ती चार पोरांची आई आहे आणि हायसामाचं नाव निघालं की, “बरी सुटले, त्याच्या अंगाला उंटाचा वास येतो,” म्हणते.

निवळलं नाही ते एकाच माणसाच्या मनात. हायसामाच्या आईच्या, कदीगामामीच्या. फातुमाच्या हातचं दूध ओठाला लावणार नाही, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली, आणि तिनं ते पाळलं. फातुमा दर काही दिवसांनी कोणा जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर दुधाची चरवी पाठवायची. म्हातारी ती घ्यायची, आणणाऱ्याला दुवा द्यायची, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दूध करडांपुढे ओतायची. चरवी धुऊन परत. हायसामा हे हसून सांगायचा. “माझ्या आईची करडं बघा कशी माजलीत. माझ्याच उंटिणीच्या दुधावर.” हसताना त्याची नजर मात्र कोणाकडे नसायची.

त्या खेपेला पाच पाहुणे होते. त्यांत अनेलीझ नावाची एक वयस्क बेल्जियन बाई होती. पहिल्याच दिवशी तिचा पाय एका फटीत गेला आणि घोटा असा सुजला की बूट चढेना. मग तिला हायसामाच्या म्हाताऱ्या उंटिणीवर बसवली. ही उंटीण हायसामाशिवाय कोणाला जवळ येऊ देत नाही, असं हायसामा स्वतः सगळ्यांना अभिमानानं सांगत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कदाफो पाहुण्यांना घेऊन पुढे निघाला होता. एका उंटाच्या तळव्यात काटा रुतला म्हणून हायसामा अनेलीझसकट मागे राहिला. आणि समोरून, एका हाती काठी नि दुसऱ्या हाती गाढवाची दोरी धरून, वस्तीवस्तीवर फिरणारी मोमिनामावशी आली.

“अस्सलामु अलैकुम, मावशी.”

“वालेकुम. आधी गाढव धर, मग सलाम कर. हे मेलं तुझ्या फिरंग्यांच्या टोप्या बघून बुजलंय.”

कदाफोनं पाहुण्यांना बसायची खूण केली. ते आनंदानं बसले आणि फोटो काढायला लागले. मावशी कदाफोसमोर बसली, पदरानं तोंड पुसलं.

“दागु?” कदाफोनं विचारलं.

“खैर. तुझी?”

“खैर. तू आधी.”

मग मावशीनं सुरुवात केली. ओढा कोरडा. हूं. सुलतानाचे दोन उंट हरवलेत, उजव्या मांडीवर डाग. हूं. फातुमाच्या घरावरून आले, तिनं चरवी दिली. हूं. काल दिवसभर कदीगाजवळ होते.

“हूं.”

“कदीगाचं आता काही खरं नाही. पाय गार पडलेत. श्वास इथे, गळ्याशी आलाय.”

“हूं.”

“तिची लेक पाण्याला गेली होती. झोपडीत मी आणि ती, दोघीच. मी चरवी कोपऱ्यात ठेवली. म्हटलं, ओतायला उठवणार कोण हिला. तर डोळे उघडून म्हणते, ‘कोणाचं दूध ते?’ म्हटलं, ‘तुला माहितेय कोणाचं.’ म्हणते, ‘आण इकडे.’”

कदाफोचं ‘हूं’ जरा उशिरा आलं.

“मी मान धरली तिची. तीन-चार घोट घेतले. मग पडली मागे. आणि म्हणाली, नीट ऐक, तिचे शब्द असे: ‘माझ्या हायसामाला सांगा, तुझ्या घरचं दूध प्यायले. गोड होतं. आता ये.’”

“हूं.”

“उरलेलं दूध करडांना घालून मी रात्रीच निघाले. तो आज निघाला तर भेटेल. तुझ्या मागे आहे ना तो? मी थांबते, मीच सांगते.”

कदाफोनं मागे पाहिलं. उंट बरेच लांब होते, उन्हाच्या झळांत तरंगल्यासारखे. मावशीची मुलगी पलीकडे दिवस भरून बसली होती, पहिलंच बाळंतपण. ऊन चढत होतं.

“तू हो पुढे, मावशी. पोरगी वाट बघत असेल. मी सांगतो त्याला.”

“नक्की?”

“मला विचारतेस?” कदाफो दुखावल्यासारखा म्हणाला.

मावशी हसली. तिनं गाढव वळवलं आणि दगडांमधली शेळ्यांची वाट धरून ती खाली उतरली. त्या क्षणी कदाफोच्या मनात दुसरं काही नव्हतं. हायसामा येईल, त्याला बसवायचं, सांगायचं, तो जाईल. इतकं सरळ होतं.

“कोण होती बाई? तोंड का पडलंय तुझं?” तेकलेनं विचारलं. तेकले मेकेलेचा, डोंगरावरचा माणूस. पाहुण्यांचा स्वयंपाकही तोच करायचा आणि सगळ्या सहलीची जबाबदारीही त्याचीच.

आणि कदाफोनं त्याला सांगितलं. ज्याची बातमी त्याच्याआधी दुसऱ्याला. पहिली चूक ती.

तेकलेनं डोक्यावरची टोपी काढली. “अरेरे. बिचारी.” मग टोपी पुन्हा चढवून तो म्हणाला, “पण कदाफो, आता सांगू नकोस.”

“काय?”

“उद्या सांग. खाली गाड्यांपाशी पोचलो की सांग. आत्ता सांगितलंस तर तो उंट टाकून जाईल. मग त्या बेल्जियन म्हातारीला खाली कसं न्यायचं? ती उंटीण दुसऱ्या कोणाला हात लावू देते का? तू नेतोस तिला? लाथ खाशील. पाणी सगळं त्याच उंटांवर. हा दगड, हे ऊन, पाच माणसं. कोणी मेलं तर, सांग मला, कोण उत्तर देणार?”

“दागु अशी ठेवता येत नाही, तेकले.”

“अरे, ठेव म्हणतोय का मी? उशिरा दे म्हणतोय. एका रात्रीचा प्रश्न आहे. म्हाताऱ्या बायका अशा पटकन जात नाहीत. माझी आजी आठवडाभर जात होती.”

तेकले वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखरच अनेलीझची काळजी होती. आणि कदाफोलाही तिचा तो फुगलेला घोटा डोळ्यांसमोर दिसत होता. मागच्या वर्षी दुसऱ्या एका वाटाड्याबरोबरचा पाहुणा उन्हानं बेशुद्ध पडला, तेव्हापासून त्या वाटाड्याला कोणी बोलावत नव्हतं, हेही त्याला आठवलं. उंट जवळ येत होते. कदाफो उठला, पाहुण्यांना ‘चला चला’ म्हणाला आणि चालायला लागला.

तो खोटं काही बोललाच नाही. त्यानं फक्त बसायचं टाळलं. बसल्याशिवाय दागु सुरू होत नाही, आणि जी सुरूच झाली नाही ती अर्धवट ठेवली असं कोण म्हणेल? हा विचार त्याला चालता चालता सुचला, आणि तो त्याला इतका पटला की मग तो दिवसभर उभाच राहिला. पाणी उभ्यानं प्यायला. भाकरी उभ्यानं खाल्ली. दुपारी सगळे दगडाच्या सावलीला पसरले, तेव्हा हा आपला इकडून तिकडे, दोऱ्या तपास, डबे मोज.

हायसामानं ते ओळखलं होतं. वाटेवरचे माग आमच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाहीत. गाढवाची लीद, बाईच्या चपला, आणि राखेत समोरासमोर दोन माणसं बसल्याच्या खुणा.

“काय रे कदाफो,” त्यानं दुपारी हाक मारली, “सकाळी कोणाशी बसला होतास? बायकोला सांगू का?”

“मोमिनामावशी होती.”

“हां! म्हणजे दागु चांगली दोन उंटांवर लादण्याएवढी असणार. ये, बस. भाकरी घशाखाली उतरेना, काहीतरी गप्पा तरी होऊ देत.”

“येतो. आधी ह्यांचं बघतो.”

“फिरंगी झोपलेत. त्यांचं काय बघतोस? घोरतात का नीट ते?”

“येतो म्हटलं ना.”

पाहुण्यांपैकी एक तरुण, टोपीखालून, काय चाललंय म्हणून तेकलेला विचारत होता. तेकलेनं हसून, दोघं भाऊभाऊ आहेत, चिडवताहेत एकमेकांना, असं सांगितलं.

तासाभरानं हायसामानं पुन्हा हाक मारली. मग त्यानं हाक मारायचं बंद केलं. दुपारनंतरच्या चढणीवर तो उंटांना नेहमी शिव्या देत, गात यायचा; त्या दिवशी आला नाही आवाज. कदाफो मागे वळून बघत नव्हता, पण पाठीला कान फुटल्यासारखं त्याचं सगळं लक्ष मागेच होतं.

सूर्य कलता कलता ते कड्यावर पोचले. वारा गंधकाचा होता, डोळे चुरचुरत होते. तेकले पाहुण्यांना घेऊन काठाशी गेला. अनेलीझला दोन जणांनी खांद्यांवर हात घेऊन नेलं. लांबून त्यांचे ‘ओ! ओ!’ ऐकू येत होते. दगडी आडोशांपाशी कदाफो आणि हायसामा दोघंच उरले.

हायसामानं शेवटच्या उंटाचं ओझं उतरवलं. हात झटकले. आणि तो येऊन कदाफोच्या अगदी समोर, वाट अडवून, बसला.

“बस.”

“पाणी तापवायचंय—”

“कदाफो. मोमिनामावशी फातुमाच्या वाटेनं येते. फातुमावरून माझ्या आईकडे. तिथून इकडे. हा तिचा नेहमीचा रस्ता. सगळ्या जगाला सांगायची बातमी तू मला एकट्याला सांगत नाहीस. म्हणजे ती माझी आहे. बस खाली.”

कदाफो बसला. त्याचे गुडघे करकरले.

“दागु?” हायसामा म्हणाला.

“खैर,” कदाफो म्हणाला. सुरुवात खैरनंच करावी लागते, काहीही असलं तरी. “तुझी?”

“खैर. तू आधी.”

मग कदाफोनं डोळे मिटले आणि बोटं गुडघ्यांवर टेकली. कोरडा ओढा, सुलतानाचे उंट, फातुमाची चरवी. हायसामा प्रत्येकाला ‘हूं’ देत होता, अगदी वेळेवर, चाबकाच्या फटक्यासारखं. पाय गार पडलेत. हूं. श्वास गळ्याशी आलाय. हूं. आणि मग मोमिनामावशीच्याच आवाजात, तिच्याच दमानं: ‘माझ्या हायसामाला सांगा, तुझ्या घरचं दूध प्यायले. गोड होतं. आता ये.’

‘हूं’ आलं नाही.

कदाफोनं डोळे उघडले. हायसामा त्याच्याकडे बघत होता. रागावून बघतोय असंही नाही; बाजारात उंटाचे दात बघताना तो असा बघायचा.

“हे सकाळचं,” तो म्हणाला.

“हो.”

“सकाळी निघालो असतो तर आत्ता मी तिच्याजवळ बसलो असतो.”

“त्या बाईचा पाय, हायसामा. उंट—”

“तेकलेला माहीत होतं?”

कदाफोनं तेकले गेला त्या काठाकडे पाहिलं.

“म्हणजे माझी आई मरतेय हे मेकेलेच्या आचाऱ्याला माहीत. मला नाही.” तो उठला. पाण्याची कातडी पिशवी खांद्यावर टाकली. “एवढी वर्षं मला वाटत होतं अस्याचं तू विसरलास.”

“अस्याचं ह्यात काय! अल्लाशपथ, हायसामा, माझ्या मनातसुद्धा—”

“मनातलं मला कसं कळणार? आणि ते दूध. ते तिचं की तुझं?”

“काय?”

“दूध प्यायले म्हणाली. माझी आई. वर गोड होतं म्हणाली. हे ती म्हणाली, का दिवसभर माझ्यासमोर उभं राहून राहून तुझं पोट दुखायला लागलं, म्हणून तू वर लावलंस? मला बरं वाटावं म्हणून?”

“मी कधी आयुष्यात एक शब्द—”

“आजपर्यंत नाही,” हायसामा म्हणाला. “हे तुझे उंट. संभाळ.”

आणि तो उतरायला लागला, पळत नाही पण पळाल्यासारखा, काळ्या दगडावरून, जिथे दिवसाउजेडी माणूस चाचपडत चालतो तिथून. कदाफोनं दोनदा हाक मारली. मग त्यानं पाणी तापत ठेवलं.

सकाळी कदाफोनं अनेलीझला उंटिणीवर बसवलं. तेकलेनं लांबूनच दोरी धरली आणि लहान मुलाला झोपवावं तसं काहीतरी गुणगुणला. उंटीण उठली. दोन पावलं पुढे आली. आणि गाड्यांपर्यंतची सगळी वाट ती शेळीसारखी, मान खाली घालून, तेकलेच्या मागून चालली. एकदा फुरफुरली नाही, एकदा अडली नाही.

“काल काय झालं?” वाटेत अनेलीझनं विचारलं. “तो माणूस कुठे गेला?”

तेकलेनं तिला सांगितलं. मग तिनं जे म्हटलं ते तेकलेनं कदाफोला सांगितलं, सांगावं की न सांगावं अशा चेहऱ्यानं: “ती म्हणते, मला का नाही विचारलं? मी बसले असते एक दिवस त्या दगडावर.”

कदाफो पुढे बघत चालत राहिला.

कदीगामामी पहाटेच्या आधीच गेली होती. हायसामा पोचला तेव्हा तिच्या तोंडावर कापड होतं, आणि सकाळच्या नमाजानंतर थडग्यावर दगड रचून झाले. कदाफो गेला तिसऱ्या दिवशी. वडीलधारे बाभळीखाली बसले होते. त्यांनी त्याला बसवलं, ऐकलं, शेळ्यांचा दंड सांगितला. त्यानं मान हलवली. मग तो हायसामासमोर जाऊन बसला.

“ते शब्द तिचे होते,” तो म्हणाला.

हायसामा जमिनीवर काटकीनं रेघा ओढत होता. “बहिणीला विचारलं मी. तिनं काही पाहिलं नाही. ती पाण्याला गेली होती. चरवी रिकामी होती म्हणाली. रिकामी चरवी तर नेहमीच असते.”

“हायसामा—”

“रात्रभर चालताना मी तेच धरून चालत होतो. प्यायली, गोड म्हणाली. आणि मग वाटायचं, कदाफो म्हणतोय हे.” त्यानं काटकी मोडली. “पूर्वी ‘कदाफो म्हणतोय’ म्हटलं की पुढे काही उरत नसे. आता तिथूनच सुरू होतं सगळं. तू माझी तिच्याशी भेट चुकवलीस ते मी एक वेळ गिळीन. पण तिचं बोलणंही तू नासवलंस रे. ते मला ना टाकता येतंय, ना घेता येतंय.”

कदाफो तिथून उठला तो घरी गेलाच नाही. मोमिनामावशीच्या मुलीची वस्ती लाव्हाच्या पलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. तो तिथे पोचला तेव्हा मावशी बाहेर बसून बाळाचे कपडे पिळत होती.

“मुलगा झाला,” ती म्हणाली. “तुझं तोंड असं का? दागु?”

कदाफो बसला. आणि त्यानं दिली. सगळी. मावशीचं ‘हूं’ सुरुवातीला मोठं होतं, मग बारीक झालं, मग नुसती मान.

“मी थांबले असते,” ती शेवटी म्हणाली. “मी विचारलं होतं तुला, ‘नक्की?’ म्हणून.”

“हो.”

“आणि तू मला म्हणालास, ‘मला विचारतेस?’”

“हो, मावशी.”

“मेल्या.” तिनं कपडा दगडावर आपटला. “आता?”

“चल माझ्याबरोबर. तू सांग त्याला. तुझ्या तोंडून.”

“बाळंतीण टाकून? अजून ओली आहे ती. रात्री ताप चढतो तिला. आणि मी तुझ्या चुका निस्तरत डोंगर ओलांडू?”

“तो ते शब्द घेऊन झोपत नाहीये, मावशी.”

“झोपू नये त्यानं! आई गेलीय त्याची!” ती ओरडली. आतून बाळ रडायला लागलं. मावशी उठली, आत गेली, बराच वेळ आतच होती. कदाफो तिथेच बसून राहिला. बाहेर आली ती काठी घेऊन. “शेजारीण बघेल म्हणतेय. माझ्या पोरीला काही झालं ना कदाफो, तर तुझा उरलेला कानही मी ठेवणार नाही. गाढव आण.”

दोन दिवस ती गाढवावर बसून त्याला बोलत होती आणि तो गाढवाची दोरी धरून ‘हूं’ भरत होता.

हायसामा अजून आईच्या झोपडीतच होता. मावशी उतरली, कंबर धरली, आणि दुखवट्याचं बोलणं झाल्यावर चटईवर त्याच्यासमोर बसली. कदाफो दाराबाहेर, काट्यांच्या कुंपणाला गाढव बांधत उभा राहिला. आत ये असं त्याला कोणी म्हटलं नाही.

“दागु?” हायसामानं विचारलं. त्याचा आवाज घोगरा झाला होता.

“खैर.”

ओढा. उंट. फातुमाची चरवी. बाहेर उभा राहून कदाफो ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणत होता. प्रत्येक शब्द तोच, त्याच जागी. एक वळणही चुकलं नव्हतं. कोणाला सांगणार?

“‘तुझ्या घरचं दूध प्यायले,’” मोमिनामावशी म्हणाली.

‘हूं’ आलं नाही. मावशी थांबली. ‘हूं’ आल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती पुढे गेली नाही. गाढवानं कान हलवला. कुठल्याशा झोपडीत कोणी दाणे कुटत होतं ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

“हूं,” आतून आलं. फाटलेलं.

“‘गोड होतं. आता ये.’”

“हूं. हूं. हूं.”

नंतर हायसामा बारीक आवाजात विचारायला लागला: चरवी कुठे ठेवली होती? मान कोणत्या हातानं धरली? प्यायल्यावर तोंड पुसलं का? मावशी एकेकाचं उत्तर देत होती. ह्यातलं काही कदाफोला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं. तो कुंपणापाशी बसला. ऊन त्याच्या पायांवरून सरकून गेलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गाड्या पुन्हा आल्या. तेकले आला, पाहुणे आले. कदाफो आहे, आणि उंटांबरोबर हायसामाही आहे. दोघं एकाच ताटात जेवतात, गरजेपुरतं बोलतात. वाटेत कोणी भेटलं आणि कदाफोनं दागु दिली, तर माणसं ऐकून घेतात, ‘हूं’ भरतात, आणि उठताना अगदी सहज विचारतात, “आणखी कोणी होतं का रे हे ऐकायला?” तो नाव सांगतो.

आता हायसामा पुढे चालतो. म्हाताऱ्या उंटिणीची दोरी धरून, सगळ्यांच्या आधी, म्हणजे समोरून जो येईल तो पहिल्यांदा त्यालाच भेटतो. त्याच्या मागे उंट, मग पाहुणे, आणि सगळ्यांत शेवटी कदाफो. दगड कुठे पोकळ आहे ते तो मागूनच ओरडून सांगतो, त्या पातळ आवाजात, आणि हायसामा वळून न बघता पाऊल बाजूला टाकतो. पाहुणे कधी कधी तेकलेला विचारतात, वाटाड्या मागे का? तेकले म्हणतो, उंटांना तशी सवय लागलीय.